पाच-शून्यानंतर

मध्यंतर झालं तेव्हा पाहुण्या संघाचे पाच गोल झाले होते आणि त्यांतले चार एकट्या दीक्षाने मारले होते.

हडपसरच्या नवप्रभात हॉकी क्लबच्या मुली टर्फच्या कडेला पाणी पीत बसल्या होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गेल्या मोसमानंतर क्लबच्या जुन्या खेळाडू नोकऱ्या मिळून रेल्वे, पोलीस अशा खात्यांच्या संघांत निघून गेल्या. दीक्षा त्यांची कॅप्टन, ती सगळ्यांत आधी गेली. आता होत्या त्या बहुतेक कॉलेजातल्या, आणि काही जणी कारखान्यातली शिफ्ट संपवून येणाऱ्या. लीग तोंडावर आली होती.

क्लबचे सेक्रेटरी रावसाहेब मुद्दाम सामना बघायला आले होते. ते प्रशिक्षकांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तात्याराव, यंदा नाव मागे घेऊ या का? एक वर्ष थांबू. पोरींचं हसं कशाला?"

तात्याराव गोलकीपरकडे बघत होते. प्रियदर्शनीने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं होतं आणि आता ती पायांचे पॅड सोडायला लागली होती.

"हे काय चाललंय?"

"सर, मला नाही जमत. दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

"दुसरं कोण आहे?"

तिचे हात पट्ट्यावरच राहिले.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून दीक्षा मैदान ओलांडून आली. हा सराव सामना तिनेच रावसाहेबांना फोन करून जुळवला होता. तिने क्लब सोडल्यापासून तात्याराव तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"सर, हिच्याशी जरा बोलू का?"

"बोला ना. आपण आता मोठ्या खेळाडू. आम्ही कोण अडवणार?"

दीक्षाने ते ऐकून घेतलं आणि प्रियदर्शनीसमोर उकिडवी बसली.

"पेनल्टी कॉर्नरला तू माझ्या स्टिककडे बघतेस, म्हणून फसतेस. माझा डावा पाय बघ. लांब पडला तर चेंडू तुझ्या उजव्या हाताला येणार, आखूड पडला तर डाव्या. आणि घाबरून आधीच खाली जाऊ नकोस. माझा पाय टेकेपर्यंत थांबायचं."

प्रियदर्शनी तिच्याकडे बघतच राहिली. "पण ताई, लीगमध्ये तुमची आमच्याशीच मॅच आहे ना? मग मला का सांगताय?"

दीक्षाने तिच्या पॅडचा सुटलेला पट्टा ओढून नीट बसवला.

"सरांनी मला शिकवलं तेव्हा, कुणाला सांगू नकोस, असं म्हणाले नव्हते."

तात्यारावांनी मान फिरवली. टर्फवर पाण्याचे फवारे सोडले होते. ते बंद झाले तरी तात्याराव तिकडेच बघत राहिले.

खेळ पुन्हा सुरू झाला. पहिल्याच पेनल्टी कॉर्नरला दीक्षाचा पाय लांब पडला. प्रियदर्शनी उजवीकडे झेपावली, पण उशीर झाला. सहावा गोल. या वेळी तिने पॅडच्या पट्ट्याला हात लावला नाही. तिने रागाने जमिनीवर स्टिक आपटली आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली.

पुढच्या कॉर्नरला पाय आखूड पडला. ती थांबली होती. चेंडू तिच्या डाव्या ग्लव्हवर आदळला आणि गोलच्या बाहेर गेला.

मग बचावातली अपेक्षा तिच्याकडे धावली आणि तिच्या हेल्मेटवर थाप मारून म्हणाली, "भारी गं."

त्यानंतर मैदानात आवाज यायला लागले. पहिल्या अर्ध्या वेळात मुकाट्याने धावणाऱ्या मुली एकमेकींना हाका मारत होत्या, पास मागत होत्या, चुकल्यावर रागावत होत्या. एकदा तर चेंडू थेट पलीकडच्या गोलसमोरच्या डीपर्यंत नेला. फटका बाहेर गेला, पण नेला. दीक्षाने आणखी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा प्रियदर्शनी चेंडूच्या आड होती.

सामना सहा-शून्य असाच संपला. दीक्षा येऊन तात्यारावांच्या पाया पडली.

"पायाचं मला कधी दिसलं नाही," ते म्हणाले.

"मलाही अलीकडेच कळलं, सर. माझ्या सामन्यांचे व्हिडिओ बघताना."

"आणि लगेच आमच्या पोरीला सांगून टाकलंस."

"हो."

तिच्या खांद्यावर हात ठेवून तात्याराव म्हणाले, "उपकार झाले, दीक्षा."

"सर, तुम्ही असं नका म्हणू," ती म्हणाली.

गोलमधून हाक आली. प्रियदर्शनीने हेल्मेट काढलंच नव्हतं. "ताई, अजून थोडे मारा ना."

रस्त्यावर पाहुण्या संघाची बस हॉर्न वाजवत होती. दीक्षाने बसच्या दिशेने हात करून थांबायला सांगितलं आणि चेंडूंची जाळी डीच्या टोकावर रिकामी केली. चेंडू गोळा करायला तात्याराव स्वतः गोलमागे गेले.

रावसाहेब फोनवर बोलत बोलत गोलपाशी आले. "हो, हो, आमचा संघ खेळणार आहे. नाव राहू द्या." त्यांनी फोन खिशात टाकला. "तात्याराव, कळवून टाकलं. पण आता खरं सांगा, यंदा किती सामने जिंकू?"

"सांगतो," तात्याराव म्हणाले. "आधी बाजूला व्हा. चेंडू लागेल."

आणि हातातला चेंडू त्यांनी दीक्षाकडे फेकला.