वरवरची भेग

पेचकसाच्या टोकाने तिने भेगेचा काठ खरवडला. गिलाव्याचा टवका निघाला. आतलं काँक्रीट अखंड होतं, केसाएवढीही रेघ नव्हती. म्हणजे भेग वरवरची. बीम आणि विटांची भिंत जिथे एकमेकांना भेटतात तिथे गिलावा असा फाटतोच; उन्हात दोन्ही सारखी प्रसरण पावत नाहीत. तेवढा पट्टा खरवडायचा, जाळी मारायची, वरून गिलावा आणि रंग. घर धडधाकट होतं.

"काय म्हणतेय?" बरोबर खाली खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं. "माझ्याएवढ्या सुरकुत्या नसतील तिला."

"बाबा, त्यांना काम करू द्या." त्यांची सून दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती, वर चढलेल्या पाहुणीचा तोल जाऊ नये म्हणून.

पाहुणीच्या नवऱ्याचा धंदा जुन्या घरांचा. घ्यायची, नीटनेटकी करायची आणि चढ्या भाड्याने द्यायची. कुठलं घर विकाऊ आहे ते तो हुंगून काढायचा. दुरुस्तीला किती लागेल ते ती सांगायची. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने उमेदीची वर्षं काढली होती. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. आज दार उघडताच या सुनेने विचारलं होतं, "मालकांनी दुरुस्तीचं बघायला पाठवलंय ना तुम्हाला?" आणि ती "हो" म्हणाली होती. मालकांनीच पाठवलं होतं, बघायचं दुरुस्तीचंच होतं. आपण गिऱ्हाईक आहोत, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

त्या एका 'हो'वर सुनेने सगळं घर उघडं केलं. पलंग सरकवून मागची ओल दाखवली. पोकळ झालेल्या फरशा टाचेने वाजवून दाखवल्या. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची आणि बोलायचीही तशीच. "मोरीतला दिवा लावला की स्वयंपाकघरातला फडफडतो. वळायचंय म्हणून हात दाखवतोय असं समजा." विकणारे लोक कपाटं लावून भिंती झाकतात. इतक्या सरळपणे आपलं घर तिला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

"आता खरं सांगते, ताई," स्टूल धरल्या धरल्याच सून म्हणाली. "मालक हे घर विकतायत. आम्ही जुने भाडेकरू, म्हणून आधी आम्हाला विचारलंय. आजच हो-नाही कळवायचं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. ओल-बिल आम्ही हळूहळू बघून घेऊ. घाबरतो ते या भेगेला. सासूबाई याच घरात गेल्या, बाबा दुसरीकडे रमायचे नाहीत. तुम्ही सांगाल तो शेवटचा शब्द. आत गेलीय का हो ती?"

"हिच्या गाडीत बसण्यापेक्षा मी भेगेखाली बसेन," म्हातारे म्हणाले.

खिशात फोन थरथरला. नवरा कोपऱ्यावर गाडीत बसून होता. मजकूर तिला न बघताच ठाऊक होता: घ्यायचं की सोडायचं? असा सौदा वर्षातून एखादाच हाती लागतो. खर्च किरकोळ, भाडं दुप्पट. वरून खाली पाहिलं तर सुनेचा वर वळलेला चेहरा दिसत होता, परीक्षेचा निकाल ऐकायला थांबलेल्या मुलीसारखा.

"गेलीय," ती म्हणाली.

आता सून खर्च विचारणार, मग आपण एक दणदणीत आकडा सांगायचा, ती हिरमुसणार आणि विषय संपणार, असं तिने धरलं होतं. आकडाही ठरवून ठेवला होता.

सुनेने खर्च विचारलाच नाही. तिने एकदा वर बीमकडे पाहिलं, मग खाली खुर्चीकडे.

"बाबा, उठा."

"अगं, पेपर तर संपू दे."

"उठा म्हणते ना!" बोलता बोलता तिने खिडकी उघडली आणि खाली वाकून तळमजल्यावरच्या शेजारणीला हाक दिली. "काकू! बाळाला घेऊन अंगणात या. आत्ता! दुधाचं राहू द्या, गॅस बंद करा आणि निघा. वरचा बीम गेलाय."

पाहुणी स्टुलावरून उतरली. "अहो, एवढी घाई नको. लगेच काही पडत नाही ते."

"तुम्ही धीर देताय, कळतंय मला." सुनेने सासऱ्यांच्या काखेत हात घातला. "तुम्ही होतात म्हणून कळलं तरी. आम्ही तर रोज त्यांना इथेच बसवत होतो."

खरं ते पाहुणीच्या ओठांपर्यंत आलं. पण ते बोलायचं तर आधी आपण कोण ते सांगावं लागलं असतं. खाली दार आपटल्याचा आवाज आला, मग झोपेतून उठवलेल्या बाळाचं रडणं.

म्हातारे उभे राहिले. आता ते थट्टा करत नव्हते. दोन पावलं टाकून ते दम खायला थांबत होते. दार अरुंद होतं, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. त्यांना वाट द्यायला पाहुणी भिंतीला टेकून उभी राहिली.

सून मध्येच थांबली. "नाही नाही, ताई, आधी तुम्ही व्हा बाहेर. बाबांना वेळ लागेल. आमच्यापायी तुमच्या जिवाला काही व्हायला नको."

ते छत आणखी चाळीस वर्षं हलणार नाही, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं. सगळ्यांच्या आधी तीच बाहेर पडली.