राक्षसाचा मुखवटा

दत्ताजीरावांनी जुन्या फियाटमध्ये नवं इंजिन बसवलं, आणि महिन्याभरात शेजारच्या भीमसेनानेही आपल्या फियाटमध्ये तस्संच बसवून घेतलं. त्याची गाडी भर मे महिन्यात अड्यारच्या सिग्नलला गार उभी असायची. यांची मात्र दोन चौक ओलांडले की वाफा सोडायची. मोठा रेडिएटर झाला, दुसरा पंखा झाला, तरी तापमानाचा काटा लाल पट्ट्यातच. त्यात परवा त्यांच्या पत्नी विशालाक्षीबाई देवळात जायला भीमसेनाच्या गाडीत बसल्या. "अहो, ती पोचते तरी," म्हणाल्या. दत्ताजीरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

आज गाडी भर चौकात बंद पडली, तर मदतीला नेमका भीमसेनच धावला. बॉनेटपाशी वाकून तो हसला.

"अय्यो, दत्ताजीराव! इंजिन उत्तम आहे. आधी जाळीवरचा हा राक्षसाचा मुखवटा काढा. चांगला परातीएवढा आहे, रेडिएटरला वारा लागणार कुठून?"



दत्ताजीराव खाली मान घालून गाठी सोडवू लागले. मुखवटा त्यांनीच बांधला होता, भीमसेनाची दृष्ट लागू नये म्हणून.