सनूपची दांडी

"सनूप आजही नाही का, टीचर?" फिदाने विचारलं. विचारलं कसलं, टाचणीच टोचली.

"गावाला गेलाय. बस खाली." शैलजा टीचर फळ्याकडे वळल्या.

फळ्यावर त्यांचेच तीन प्रश्न होते. कुणी पाठवलं? आधी कुठे दिसलं? फायदा कुणाचा? मोबाइलवर आलेलं काहीही गिळण्याआधी सातवीने हे विचारायचं. जोमोनने आजीच्या ग्रुपवरचा फणसाच्या बियांचा रामबाण इलाज उघडा पाडला, तेव्हापासून घरात त्याला बियांची भाजी बंद झाली होती. गेल्या आठवड्यात टीचरांनी एकाच्या तोंडावर दुसऱ्याचा चेहरा यंत्र कसं चढवतं, तेही दाखवलं. "मान वळवायला लावा, मुखवटा घसरतो." पोरांनी लगेच हेडमास्तरांना नाचवून पाहिलं.

अशा पोरांपासून सनूप लपवायचा म्हणजे कठीणच. कारण सनूप नव्हताच.

सातवीच्या पटावर एक डोकं कमी पडत होतं. वर्ग मोडला असता आणि शैलजा टीचरांची नोकरी गेली असती. म्हणून जूनमध्ये हेडमास्तरांनी डोळे मिटले, आणि टीचरांनी पटावर सनूपचं नाव चढवून इंटरनेटवरून एका हसऱ्या मुलाचा फोटो उचलून वाढदिवसांच्या तक्त्यावर चिकटवला.

हल्ली फिदा आणि जोमोन त्या तक्त्यापाशी कुजबुजत. टीचर आल्या की गप्प.

आणि एके सकाळी तपासणीचे कुर्यन साहेब थेट वर्गात आले.

"हा सनूप कुठाय?"

फिदा उभी राहिली. टीचरांनी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला.

"कांजिण्या आल्यात, सार."

"हेडमास्तर तर म्हणाले, गावाला गेलाय."

"तिथूनच आणल्या, सार," जोमोन म्हणाला.

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी फळा वाचला. "छान शिकवता, टीचर. मग मीही पारखून घेतो. फोन लावा. चेहरा दिसला पाहिजे, आत्ता."

टीचर हलेनात. फिदानेच त्यांचा फोन घेऊन नंबर लावला.

पडद्यावर खाट, खाटेवर कडुनिंबाचा पाला, पाल्यात एक पोरगा. गालभर फोड. "नमस्कारम्, सार."

साहेबांनी फोन तक्त्याजवळ नेला. तोच तुटका दात, तीच खळी.

"मान वळव. आता दुसरीकडे."

मान वळली. चेहरा कुठेच घसरला नाही.

साहेबांनी फोन दोन बोटांत धरून परत दिला आणि घाईने हात धुवायला गेले. तिथूनच बाहेर पडले.

टीचरांनी दार लोटलं. "फिदा, मोळे, अगं पोरी, हे मी पकडायला शिकवलं होतं. करायला नाही! माझ्यासाठीसुद्धा नाही. मुखवट्याखाली कुणाचा चेहरा होता? तुझ्या भावाचा?"

"मुखवटा नव्हताच, टीचर. फोटोतल्या मुलाचाच चेहरा होता. तुम्ही चिकटवलेला फोटो आधी कुठे दिसला, ते आम्ही शोधलं. आलुव्यातल्या एका दुकानाची जाहिरात निघाली, शाळेच्या दप्तरांची. तिथे दप्तरं शिवणाऱ्याचा मुलगा तो, मुरुगन. कांजिण्या खऱ्या आहेत. बऱ्या झाल्या की येतो म्हणाला. सनूप म्हटलं तरी चालेल त्याला."

"अगं, पण त्याची स्वतःची शाळा?"

"दप्तर त्याने फोटोपुरतंच पाठीला लावलं होतं, टीचर."