भट्टीचा वाटा

शमसुन्निसानं बेकरीच्या भट्टीसमोर ट्रे ठेवला आणि कय्यूमच्या हातातून लांब दांड्याची फळी निसटता निसटता राहिली. ट्रेमध्ये नानखटाई नव्हती. आडवं कापलेलं एकच संत्रं होतं. दोन अर्धी, कापलेली बाजू वर. त्यावर चुरलेला गूळ, थोडं तूप आणि वेलचीची पूड.

“भट्टीत संत्रं?” गल्ल्यावर बसलेली रूही, कय्यूमची पुतणी, फिसकन हसली.

“काऊन, भट्टीले संत्र्याचं वावडं आहे का?” शमसुन्निसा म्हणाली. “आज माहा हाच नाश्ता. दुपारी मोहसीन गाडी घेऊन येऊन राह्यला. आता सिरोंच्यालेच राहीन म्हणते, पोराजवळ. कायमची.”

दोन पाव द्या म्हणावं इतक्या सहज तिनं ते सांगितलं. कय्यूमनं मात्र ट्रे आत सारला तो वाकडाच.

आता लपवून काय उपयोग? कय्यूमचं तिच्यावर मन होतं. चार वर्षांपासून. हा साठीचा विधुर, दाढी वयानं पांढरी की मैद्यानं ते कळू नये असा, आणि ती दुकानात आली की टोस्ट करपलेच म्हणून समजा. रूहीला हे माहीत होतं. मूल गावच्या अर्ध्या बाजाराला माहीत होतं. फक्त शमसुन्निसाला माहीत नाही, अशी त्याची पक्की समजूत. तिचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, शिलाई मशीनवर ती आपलं भागवत होती. अख्ख्या मूलमध्ये त्याला कय्यूमभाई न म्हणणारी ती एकटीच. ती ‘बेकरीवाले’ म्हणायची. का म्हणायची, याचा या भल्या माणसानं कधी विचार केला नव्हता.

आत गूळ खदखदू लागला. संत्र्याचा आंबटगोड वास असा सुटला की पाव घ्यायला आलेली माणसं पैसे देऊनही उभीच राहिली.

कय्यूमनं ट्रे काढला. संत्र्याच्या कडा तांबूस झाल्या होत्या, मधोमध पाक उकळत होता. त्यानं दोन्ही अर्धी बशीत ठेवली आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

“घ्या. गरम आहे तवरच खा.”

शमसुन्निसा बशीकडं बघत राहिली. मग त्याच्याकडं.

“आन तुमचा वाटा?”

मोहल्ल्यातल्या बाया घरून नानखटाई वळून आणायच्या, कय्यूम ती भट्टीत भाजून द्यायचा. भाजणावळीबरोबर प्रत्येक ट्रेमधल्या दोन नानखटाया भट्टीवाल्याच्या, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. तो सगळ्यांचा वाटा हक्कानं काढून घ्यायचा आणि चहाबरोबर खायचा. शमसुन्निसाच्या ट्रेला मात्र त्यानं आजवर हात लावला नव्हता.

“तुमच्याकडून काय वाटा घ्याचा,” तो पुटपुटला.

झालं! बाई भडकली.

“अजी, तुमी साऱ्या गावचा वाटा खाता. त्या दुर्गाबाईची दगडासारखी नानखटाई बी चहात बुडवून बुडवून खाता. मंग माहीच काऊन नाई? चार वर्सं झाले. तूप वाढवून पाह्यलं, खोबरं घालून पाह्यलं. अख्खा ट्रे जसाच्या तसा वापस! नानखटाई तरी घरी नेता येते. म्हणून आज संत्रं आणलं. हे थंडं झालं का मजा नाई, इथीच खा लागते. तरी दोन्ही मलेच देऊन राह्यले. मी काय समजू?”

चार वर्षं आपण जे इज्जत म्हणून करत होतो, ते हिला नकार वाटत होतं? या अल्ला!

“अहो, मी तर… वाटा लोकायकडून घेतात. आपल्या माणसाकडून कसा घ्याचा?”

“आपल्या माणसाकडून!” रूही स्टुलावरून उठली आणि तिनं टाळीच वाजवली.

आता बोलून चालणार नव्हतं. कय्यूमनं अर्धं संत्रं उचललं आणि सरळ तोंडात कोंबलं. उकळता पाक जिभेला लागला. तो एका पायावर नाचला, मग दुसऱ्या पायावर. डोळ्यांतून पाणी, दाढीतून रस. पाववाली गिऱ्हाइकं हसून हसून लोळायच्या बेतात आली. रूही पाण्याचा तांब्या घेऊन धावली, त्यानं तो हातानंच बाजूला केला.

“नि… हा… निका… हाऽ… करता का माह्यासंग?”

शमसुन्निसा ओढणीत तोंड खुपसून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला.

“आदी गिळा तं खरं,” ती म्हणाली. मग तिनं उरलेलं अर्धं उचललं, फुंकर घातली आणि एक घास खाल्ला. “करते.”

रूहीनं बरणीतली सगळी खारी गिऱ्हाइकांना फुकट वाटून टाकली. कय्यूमला इतका आनंद झाला की त्याला ते दिसलंही नाही. मग एकदम त्याला आठवलं.

“मोहसीन! त्यानं गाडी काढली असंल. लाव फोन, रूही. पोराले मीच सांगतो, माहं कर्तव्य आहे.”

“आत्ताच काऊन?” शमसुन्निसा घाईघाईनं म्हणाली. “सांजंच्याले करू ना.”

“एवढ्या दुरून पोरगं रिकामं कायले येईल?” कय्यूमनं फोन स्पीकरवर टाकला. “बेटा, मी कय्यूम बोलतो, मूलहून. गाडी काढली असंल तं परत फिरव. अम्मी सिरोंच्याले येत नाई, इथीच राह्यते.”

शमसुन्निसा सालीला चिकटलेला गूळ बोटानं पुसून काढू लागली. मान काही वर होईना.

“कोणची गाडी, चाचा?” पलीकडून मोहसीन म्हणाला. “अम्मी इकडं येणार होती का? मले तं काईच बोलली नाई!”