सगळ्याला चालणारी रायफल

हरणापासून मूस या अवाढव्य सांबरापर्यंत सगळ्याला चालेल अशी एकच रायफल निवडण्यात बहात्तरीच्या ऑरिनने दोन हिवाळे घालवले. मग अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याच्या शिकार-परवान्यांच्या सोडतीत, तेवीस वर्षं अर्ज केल्यावर, त्याला मूसचा परवाना लागला. तो आता पुन्हा लागायचा नव्हता.

शनिवारी डोंगरमाथ्यावर घोड्याहून थोराड मूस शंभर पावलांवर उभा राहिला. ऑरिनने नेम धरला, आणि रायफल खाली घेतली.

"काय हो, रायफलीनं दगा दिला?" घरी त्याच्या बायकोने, नेटीने, विचारलं.

"रायफल सोन्यासारखी आहे गं. पण पाच-सहा मण मांस डोंगर उतरवणार कोण? देवाचा जीव मारायचा आणि कुजत टाकायचा?"

"अहो, मग तोंड उघडून कुणाला सांगायचं तरी! आठच दिवस उरलेत मोसमाचे."

रविवारी चर्चमध्ये शेवटचं गीत संपताच नेटी बाकावरून उठली. "आमच्या ह्यांना मूस खाली आणायला माणसं हवीत. कोण कोण येतंय?"

 

अकरा हात वर झाले. त्यातला सगळ्यात तरुण हात एकोणसत्तर वर्षांचा होता.