बारीक आवाज

"हा बी जळाला," प्रभू म्हणाला आणि स्पीकरच्या खोक्यातला ट्वीटर खोलून त्याने मांडीवर घेतला.

खोक्यात खाली ढोलाचा जाड आवाज काढणारा मोठा भोंगा असतो आणि वर बारीक आवाजासाठी तळहाताएवढा ट्वीटर. खालचा भोंगा असा घुमत होता की फळीवरची भांडी सरकत होती. वरून मात्र काही नाही. ना टाळ, ना सनईचे चढे सूर. आवाजाची सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवली तरी नाही.

कनेरगाव नाक्यावरच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत प्रभू महिनाभर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वाढवत बसला होता. जुन्याच डब्यात जास्तीचे ट्रान्झिस्टर बसवले, थोराड ट्रान्सफॉर्मर घातला, गरम पत्र्यावर पंखे लावले. पहिल्यांदा वीज सोडताना वायरीत मधे एक बल्ब जोडला. बल्ब भकभकत राहिला तर आत शॉर्ट, लुकलुकून विझला तर काम बरोबर. बल्ब विझला होता. चूक कुठेच नव्हती. तरी ट्वीटर एकामागून एक मरत होते, आणि वरातीच्या गाडीवर चढवायचा तो हाच अ‍ॅम्प्लिफायर.

त्याने मीटरची दोन टोकं ट्वीटरच्या दोन तारांना लावली. आतली तार धड असली की मीटर 'पी' करून वाजतं. हात गुंतलेले असतात, म्हणून मेकॅनिक मीटरकडे बघत नाहीत, नुसता कान देतात. प्रभूनेही कान दिला. मीटर गप्प होतं. त्याने ट्वीटर खाटेखालच्या गोणीत टाकला, नवा कोरा काढून बसवला आणि चालू केला.

त्याची बायको सत्यशीला आतून धावत आली आणि तिने भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"अवो, काय लावलंय हे! कानात दाभण घातल्यावानी होऊन राहिलं."

"त्यात आवाजच न्हाई, अन् तुला दाभण टोचून राहिलं? कान काय माहेरून निराळे आणले का?"

"आवाज न्हाई?"

"न्हाई. माल सगळा नकली येऊन राहिला." त्याने तोही ट्वीटर खोलला, मीटरची टोकं लावली आणि तिच्यापुढे धरला. "हे बघ. वाजतंय का मीटर?"

सत्यशीला त्याच्याकडे बघत राहिली.

"वाजून राहिलं की," ती म्हणाली.

प्रभू हसला. मग त्याचं हसू तसंच राहिलं. त्याने मीटरच्या काचेकडे पाहिलं. काचेवर आकडा उमटला होता. धड ट्वीटरचा जो आकडा यायला पाहिजे, तोच.

त्याने गोणी ओढून जमिनीवर ओतली. एकेक ट्वीटर उचलायचा, टोकं लावायची, आधी काचेकडे बघायचं, मग बायकोच्या तोंडाकडे. दर खेपेला काचेवर आकडा होता. दर खेपेला सत्यशीला हळूच मान हलवत होती. गोणीत मेलेला एकही नव्हता.

"तुझं बोलणं तर आयकू येते मला," तो म्हणाला.

"मी जाडा आवाज काढून वरडते म्हणून येते. समोरची सुभद्राबाई पुसते, काहून रोज भांडता गं नवऱ्यासंगं." ती त्याच्याजवळ खाली बसली. "अन् तुमी रागिणीवर रुसून बसले. पोरगी घुमी झाली म्हणता, बापाला जवाब देत न्हाई म्हणता. ते लेकरू जवाब देऊन देऊन थकलं. आता नुसती मान हलवते."

रागिणी शाळेतून आली होती. दुसरीतली पोर, दप्तर पाठीवर तसंच, उंबऱ्यात उभी. जमिनीवरचा पसारा बघून तिने विचारलं, "काय झालं, बाबा?"

सत्यशीलेला ते ऐकू आलं. प्रभूला तिचे ओठ हललेले दिसले.

तो झटक्यात उठला. ट्वीटर जागेवर बसवला, वरातीत नावं पुकारायचा माइक फडक्यातून काढून जोडला आणि लेकीच्या हातात दिला. माइक घेऊन भोंग्यासमोर कधी उभं राहायचं नाही, हे तो गाडीवरच्या प्रत्येकाला बजावून सांगत असे. आज त्यानेच तिला खांद्याला धरून खोक्यासमोर उभं केलं.

"बोल."

"काय बोलू?" तिने आईकडे पाहिलं.

"काय बी बोल, बाई. बोल फक्त."

"बाबा," रागिणी म्हणाली.

तो शब्द दारातून सडकेवर गेला. ढाब्यावरच्या ट्रकवाल्याने घास हातात धरून मागे वळून पाहिलं. सुभद्राबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. प्रभूच्या पायाखालची फरशी थरथरली. दोन घरं सोडून कोणी जातं ओढावं तसं काहीतरी घुमलं, आणि त्यात शब्द नव्हता. त्याने आवाजाचं बटण आणखी फिरवलं.

"बाबा, मी रोज बोलते तुमच्यासंगं. तुमीच..."

माइकने शिट्टी धरली. शिट्टी चढत गेली. सुभद्राबाई आत पळाली, ढाब्यावरचं कुत्रं केकाटत सडकेपलीकडे गेलं. सत्यशीलेने दोन्ही कान दाबून धरले. रागिणीने माइक छातीशी घट्ट धरला आणि डोळे, तोंड, सगळं मिटून घेतलं.

प्रभूचा हात बटणावर होता आणि नजर लेकीच्या ओठांवर.

"थांबलीस काहून, बाई?" तो म्हणाला. "बोल की."