पलंगाची कड

दंडावर चार डाग होते. निळसर, गोल, एका ओळीत. पाचवा आतल्या बाजूला, बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा. बायकोने उभा जन्म शिवणकामात घालवला होता. दोन डागांमधलं अंतर तिला टेप न लावता कळत होतं. तिने आपले हात मांडीवरच्या पिशवीखाली सरकवले.

"हे कशानं झालं, काका?" डॉक्टरीणबाईंनी बाही आणखी वर सारली.

"पलंगाची कड," नवरा म्हणाला. "कंडक्टरकी सुटून नऊ वर्षं झाली, पण झोपेत आमची बस अजून चालू आहे. 'पुढे सरका, पुढे सरका' करतो आणि आपटतो."

बाई हसल्या. कंपवातात असं होतं, म्हणाल्या. स्वप्न पडताना एरवी अंग लुळं पडतं, यांचं पडत नाही. मग माणूस स्वप्नाबरोबर हातपाय झाडतो.

थाप पुरती खोटी नव्हती, म्हणून पचली. तो ओरडायचा, झाडायचाही. दोन-तीनदा तिनेच लाथा खाल्ल्या होत्या. पण परवा तो ओरडला नव्हता. त्याला नुसतं कुशीवर वळायचं होतं, आणि आताशा ते त्याचं त्याला जमत नसे. "अगं, जागी आहेस का?" त्या रात्रीची ही सहावी हाक. तिने त्याचा दंड धरला, आणि वळवायचं सोडून त्याला गदागदा हलवलं. "झोपू द्या ना हो मला! जीव घ्याल का माझा?"

"बरं," तो म्हणाला. उजाडेपर्यंत त्याने पुन्हा हाक मारली नाही. सकाळी ती उठली तेव्हा तो तसाच उताणा होता, डोळे उघडे ठेवून.

मुलगी वर्षभर सांगत होती, रात्रीपुरता कुणीतरी माणूस ठेवू या. "का? मी काय मेले आहे?" असं म्हणून बायको दर वेळी फोन ठेवून द्यायची.

"झोपेची गोळी दुप्पट करू," डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. "दिवसाही गुंगी राहील, तोल जाईल. एकट्यानं उठायचं नाही हं."

"चालेल की. वाढवा," तो म्हणाला. बाही खाली ओढून तो मनगटाचं बटण लावू लागला. बोटं थरथरत होती, काज सापडेना. त्याने सवयीने हात तिच्यापुढे केला. तिला तो धरवेना.

"बाई, लिहू नका," ती म्हणाली. "पलंगाची कड नाही लागली त्यांना. ते मी केलंय."

"अगं, काहीतरीच काय—"

"तुम्ही गप्प बसा हो." त्याच्याकडे न बघताच ती पुढे म्हणाली, "मला रात्रीचं होत नाही. आजपासून रात्रीला माणूस ठेवायचा."